स्टेअरिंगच्या टाकीत हाताला लागेल ते तेल ओतू नका: ट्रकवाल्यांनो, या चुका टाळा

गोव्यात उसगाव, होंडा, डिचोली या गावांच्या पट्ट्यात ट्रकचं गॅरेज चालवायचं म्हणजे एक वाक्य कान किटेपर्यंत ऐकावं लागतं. "मेस्त्री, तेल थोडं कमी होतं, म्हणून घातलं." कुठलं घातलं? "ऑइल." अरे बाबा, कुठलं ऑइल? "लालसर होतं कायतरी." हाच माणूस इंजिन ऑइल घ्यायला गेला की ग्रेड विचारतो, कॅनचं सील दोनदा बघतो, वर दुकानदाराकडे टी-शर्ट मागतो. स्टेअरिंगच्या वेळी मात्र सीटखाली हात घातल्यावर जो डबा लागेल तो चालतो. तेव्हा पुढचं जरा चिडून लिहिलं आहे, गोड मानून घ्या.

आधी तेल कुठलं, ते एकदा सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांच्या पॉवर स्टेअरिंगला एटीएफ लागतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी निघालेलं तेल. डब्यावर डेक्सरॉन २ किंवा डेक्सरॉन ३ असं काहीतरी छापलेलं असतं. दुकानात 'टीक्यू' मागितलं की साधारण हेच पुढं येतं. "आमचा गिअरबॉक्स साधा, मग ऑटोमॅटिकचं तेल कशाला?" असं विचारणारे भेटतात. कारण सरळ आहे. हे तेल पातळ असतं, फेस कमी धरतं आणि स्टेअरिंगमधल्या रबरी सीलांना सोसतं. पण बहुतेक म्हणजे सगळे ट्रक नव्हेत. तुमच्या गाडीला काय लागतं ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. शेजारच्या ड्रायव्हरला विचारून तेल घेऊ नका, त्यानेही कुणाला तरी विचारूनच घेतलेलं असतं.

या तेलावर किती जोर पडतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते. तुम्ही उभ्या जागी स्टेअरिंग पूर्ण वळवता तेव्हा पंप आणि स्टेअरिंग बॉक्समधलं तेल शंभर बारच्या वर जातं. एवढा दाब अडवून धरतात ती दोन-चार रबरी सीलं. म्हणूनच त्या रबराला कुठलं तेल लागतंय, यावर मी एवढा आरडाओरडा करतो.

सगळ्यात वाईट चूक: ब्रेक ऑइल

मोठ्या ट्रकला ब्रेक हवेचे, पण क्लच बहुतेकदा हायड्रॉलिक. त्यामुळे क्लचसाठी ब्रेक ऑइलचा छोटा डबा केबिनमध्ये फिरत असतो. हा डबा सगळ्या अनर्थाचं मूळ.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या घाईतली गोष्ट. बेळगावहून भाजी घेऊन चोर्ला घाट उतरलेला एक सहाचाकी केरीजवळ अडकला. स्टेअरिंग मध्येच हलकं, मध्येच दगडासारखं. भाजी दुसऱ्या गाडीत टाकून पुढं पाठवली आणि ट्रक ओढून माझ्याकडे आणला. स्टेअरिंग बॉक्सच्या खालून तेल गळत होतं, आणि त्या तेलाला लाल म्हणावं की तपकिरी ते कळत नव्हतं. वास तर अजिबात नेहमीचा नव्हता. ड्रायव्हर पोरसवदा. त्याला विचारलं तर म्हणाला, "तेल बरोबरच घातलंय मेस्त्री, मालकाने दिलेलंच."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. टाकीच्या खालच्या ब्रॅकेटवर बॅटरी मारली. ओतताना जिथं तेल ओघळलं होतं तिथं रंग फुगून आला होता. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघून खाली पत्रा उघडा पडला. स्टेअरिंग ऑइल असं रंग उचलत नाही. ब्रेक ऑइल उचलतं. सीटखालचा डबा काढायला सांगितला, तो अर्ध्याच्या वर रिकामा. मग पोरगा हळूच म्हणाला, "दोन्ही हायड्रॉलिकच ना, मेस्त्री?"

हायड्रॉलिक दोन्ही, पण जात वेगळी. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, एटीएफ खनिज तेलाचं. स्टेअरिंगमधलं रबर खनिज तेलात राहण्यासाठी बनवलेलं असतं, त्याला ग्लायकॉल सोसत नाही. ते आधी फुगतं, मग मऊ पडतं, मग त्याच्या कडा तुटायला लागतात.

यातली खरी मेख ही की फुगलेल्या सीलामुळे काही दिवस लीक थांबतं. "ब्रेक ऑइल घाल, गळती बंद होते" हा नाक्यावरचा सल्ला त्यातूनच निघाला आहे. सल्ला देणाऱ्याने चार दिवस गाडी कोरडी बघितलेली असते. पुढं काय झालं ते बघायला तो थांबत नाही, ते माझ्या पिटावर येतं.

मालकाला फोन लावला. बॉक्स खोलावा लागेल, पंपाची सीलं आणि होज बदलावे लागतील, दोन-तीन दिवस जातील, असं सांगितलं. तो म्हणाला, "चवथ तोंडावर आलीय, तेल काढून नवं घाला आणि सोडा." मी नाही म्हटलं. त्याने गाडी दुसरीकडे नेली. तिथं जुनं तेल काढून नवं भरून दिलं, गाडी चाललीसुद्धा. गणपतीचं विसर्जन झाल्यावर तीच गाडी पुन्हा माझ्या दारात, या वेळी पंपाचाही आवाज घेऊन. बॉक्स खोलला. शाफ्टचं सील बोटांनी दाबलं तर नखाची खूण तशीच राहिली आणि फणसाच्या चिकासारखं काळं काहीतरी बोटाला चिकटलं, ते डिझेलने धुतल्याशिवाय गेलं नाही. रिटर्नच्या होजचं आतलं अस्तर सुटून त्याचे तुकडे फिल्टरमध्ये जमले होते. फिल्टर तुंबला, तेल परत फिरेना, पंप कोरडा घासला. आधी फक्त सीलं आणि होज जाणार होते, आता पंपही गेला.

चुकून ब्रेक ऑइल ओतलंच, तर पहिलं काम म्हणजे इंजिन चालू न करणं. तेल टाकीतच आहे तोवर वाचायची संधी आहे. सिरिंजने किंवा हातपंपाने टाकी पूर्ण उपसा, फिल्टर फेका, टाकी पुसून काढा, रिटर्न होज सोडून त्यातलंही तेल निथळू द्या आणि मग नवं भरा. इंजिन चालवलं असेल, स्टेअरिंग फिरवलं असेल, तर तेल बदलून भागत नाही. सीलं बदलायची तयारी ठेवा.

नक्की काय ओतलंय याची शंका असेल तर माझी एक पद्धत आहे. फेणीची पांढऱ्या काचेची रिकामी बाटली धुऊन, पूर्ण सुकवून घ्यायची आणि टाकीतलं तेल तिच्यात काढून रात्रभर न हलवता ठेवायची. ब्रेक ऑइल एटीएफपेक्षा जड असतं आणि त्यात मिसळून राहत नाही. सकाळी बाटलीच्या तळाला वेगळा थर दिसला तर ड्रायव्हरची साक्ष काढायची गरज उरत नाही.

उलटी चूकही होते. क्लचच्या कपात लाल तेल घातलं की तिथलं रबर फुगतं आणि पेडल दाबलं की वर येत नाही. त्यावरचा इलाजही खर्चिकच आहे.

दुसरी चूक: भरत राहायचं, बघायचं नाही

स्टेअरिंगचं तेल इंजिनसारखं जळत नाही. टाकीतून पंपात, पंपातून बॉक्सात, बॉक्सातून परत टाकीत, एवढाच त्याचा फेरा. म्हणजे पातळी उतरली तर तेल कुठंतरी गेलं. तरीही दर आठवड्याला अर्धा लिटर ओतणारे लोक आहेत, आणि ते सांगताना जणू गाडीला नैवेद्य दाखवतोय असा त्यांचा सूर असतो.

गळती शोधायची तर आधी गाडी धुवा. आपल्या लाल मातीचा हा एक उपकार आहे, गळलेल्या तेलावर ती चिकटून जाड खपली होते आणि साधारण भाग कळतो. पण खपली पसरलेली असते, तेल वरून गळून खाली जमलेलं असतं. म्हणून ती काढून, सुकवून, गाडी दहा मिनिटं चालवायची आणि मग ओलं कुठं येतंय ते बघायचं. रिटर्न होजची क्लिप, प्रेशर पाइपचे जोड आणि बॉक्सच्या खालचं सील, या क्रमाने मी बघतो. निम्म्या वेळा क्लिपच ढिली सापडते आणि गिऱ्हाइकाला त्यावर विश्वास बसत नाही.

प्रेशर पाइपची बारीक गळती बोटाने चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरा, तेल असेल तर त्यावर उमटेल. शंभर बारची धार कातडीतून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण ते घरगुती औषधाचं काम नव्हे, थेट इस्पितळ गाठायचं.

आता बाहेर कुठंच ओलं नाही, तरीही तेल उतरतंय. सावर्डेच्या बाजूचे एक टिपरवाले असेच आले होते. त्यांचं ठाम मत, ड्रायव्हर तेल चोरून विकतो. त्या बिचाऱ्याला कामावरून काढायचीच तयारी होती. बोलता बोलता पात्रांव, म्हणजे ते मालक, कौतुकाने म्हणाले, "बाकी इंजिन मात्र सोनं आहे हां. ऑइल खात नाही. उलट वाढतंय." मी डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर. त्यांच्या गाडीचा स्टेअरिंग पंप बेल्टवर नव्हे, इंजिनच्या गिअरवर चालणारा. अशा पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की तेल बाहेर न गळता इंजिनमध्ये उतरतं. रस्त्यावर थेंब नाही, चेसिसवर डाग नाही, आणि इंजिन ऑइल मात्र पातळ होत चाललेलं. अजून महिनाभर ते कौतुक चाललं असतं तर बेअरिंगवर आलं असतं. पंपाचं सील बदललं, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले. ड्रायव्हर अजून त्याच टिपरवर आहे. पात्रांवांनी त्याची माफी मागितली की नाही ते मी विचारलं नाही.

तेव्हा स्टेअरिंगचं तेल उतरतंय आणि गळती दिसत नाही, तर इंजिनची डिपस्टिक बघा. एवढं करायला मेस्त्री लागत नाही.

हवा काढायला कुणाला वेळच नसतो

तेल बदललं की लगेच इंजिन चालू करून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवणारे हौशी मला बघवत नाहीत. हवा अशाने निघत नाही, तेलात घुसळली जाते. टाकीत गुलाबी फेस दिसतो, पंप कण्हायला लागतो, आणि मग "नवं तेल डुप्लिकेट निघालं" म्हणून दुकानदाराशी भांडण.

मी करतो ते असं. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन खाली भक्कम ठोकळे लावतो, नुसत्या जॅकवर कधीच नाही. टाकी भरतो. इंजिन बंद ठेवून एकाला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगतो आणि मी टाकीजवळ तेलाचा डबा घेऊन उभा राहतो. पातळी उतरली की भर, टाकी तळाला जाऊ द्यायची नाही. बुडबुडे कमी झाले की मग इंजिन चालू, तेही आयडलवर, पुन्हा सावकाश दोन्ही बाजूंना. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही. शेवटी इंजिन बंद करून पातळी बघतो. एक-दोन सेंटीमीटर वर आली तर ठीक. त्याहून जास्त उसळली तर आत अजून हवा आहे. मग चहा घेऊन यायचं आणि पुन्हा तेच.

या सगळ्याला अर्धा-पाऊण तास जातो. नवीन पोरांना तो फुकट गेल्यासारखा वाटतो. पंप उतरवायला किती वेळ लागतो ते त्यांना अजून माहीत नसतं.

उभ्या राहिलेल्या गाड्या

हे खास गोव्याचं दुखणं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या. कितीतरी टिपर घरामागे, काजूच्या बागेत, आंब्याखाली उभे राहिले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलत. कुठं टाकीचं झाकण हरवलेलं, त्यावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली. एका पिशवीत तर मुंग्यांनी घर केलं होतं.

अशी गाडी काढायची ठरली की मालक नवी बॅटरी घालतो, टायर बघतो, स्टेअरिंगच्या टाकीत वरून थोडं नवं तेल घालतो आणि स्टार्टर मारतो. आतलं जुनं तेल पाणी मिसळून दुधी झालेलं असतं. सीलं एकाच जागी बसून कडक झालेली, शाफ्टवर गंजाचे ठिपके. पहिल्याच फेरीत गंज कडक सीलाची कड कापतो आणि दोष येतो नव्या तेलावर. गाडी बरीच वर्षं उभी असेल तर सुरू करण्याआधी जुनं तेल पूर्ण काढा, फिल्टर नवा घाला, एक्सल उचलून हाताने स्टेअरिंग फिरवा. मग पहिल्या आठवड्यातच ते तेल पुन्हा एकदा बदला. दोनदा तेलाचे पैसे गेले म्हणून कुरकुर होते, मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

बाकीच्या, थोडक्यात

टिपरच्या हौद्याचं हायड्रॉलिक ऑइल स्टेअरिंगला घालू नका. हौद्याचं ते ६८ नंबरचं तेल ४० अंशाला एटीएफच्या जवळजवळ दुप्पट जाड असतं, आणि हौद्याच्या टाकीतून काढलेलं असेल तर त्यात खाणीची अर्धी धूळ आलेलीच असते.

व्हिडिओ बघून काहीजण सांगतात, "अमेरिकेत ट्रकच्या स्टेअरिंगला इंजिन ऑइल घालतात." हो, तिथल्या काही स्टेअरिंग बॉक्सना कंपनीनेच १५डब्ल्यू-४० ची परवानगी दिलेली आहे. तुमच्या झाकणावर तसं लिहिलेलं असेल तर तुम्हीही घाला. नसेल तर तो व्हिडिओ बंद करा.

रंगावर जाऊ नका. लाल हा नुसता घातलेला रंग आहे, गुण नव्हे.

आकडा मोठा म्हणजे तेल भारी, असं नसतं. डेक्सरॉन ६ हे डेक्सरॉन ३ पेक्षा पातळ आहे. जुन्या, झिजलेल्या पंपाला ते पाजून काही साधत नाही.

लीक थांबवायची बाटली: नको.

फिल्टर बहुतेक गाड्यांत टाकीच्या आतच असतो, स्प्रिंगखाली. तेल बदलून जुना फिल्टर तसाच ठेवणाऱ्यांशी मी बोलणं कमी केलं आहे. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालण्याआधी स्टेअरिंगचं तेल आणि फिल्टर बघायचं, ही माझी सवय. धुळीत चालणारी गाडी असेल तर मी पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघत नाही.

स्टेअरिंग जड झालं म्हणजे तेलच, असंही नाही. पावसाळ्यात किंगपिनचं, म्हणजे पुढची चाकं ज्या पिनवर वळतात तिचं, ग्रीस धुऊन जातं, पुढच्या टायरांत हवा कमी असते, पंपाचा बेल्ट सैल असतो. एक्सल उचलून ग्रीस मारा, म्हणजे ते जायला हवं तिथं जाईल. गाडीचा भार पिनवर असताना मारलेलं ग्रीस बहुतेक बाहेरच येतं.

अनमोड किंवा चोर्ला उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे स्टेअरिंगचा पंप बंद, आणि ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसरही बंद. वळणावर दोन्ही एकदम हवे असतात.

सुटं तेल पिंपातून मापून घेऊ नका. सीलबंद लिटरचा एक डबा गाडीत ठेवा, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत 'स्टेअरिंग' लिहा, आणि ब्रेक ऑइलचा डबा त्याच्या शेजारी ठेवू नका. माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांत एक डबा डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला असतो, ते मीच ठेवून देतो.

तेल ओतायचं नरसाळंही वेगळं ठेवा. कूलंटचं, डिझेलचं, स्टेअरिंगचं सगळं एकाच नरसाळ्याने करायचं आणि वर ते चेसिसवर उपडं टाकून धूळ खाऊ द्यायची, हे बंद करा.

आणि काढलेलं जुनं तेल ओहोळात सोडू नका, वापरलेलं ऑइल नेणाऱ्याला द्या. तो येईपर्यंत ज्या कॅनमध्ये भरून ठेवाल त्यावर 'खराब' असं ठळक लिहा, कारण लाल दिसतंय म्हणून ते उचलून दुसऱ्या गाडीत ओतलेलं मी बघितलं आहे.